लोकांचें आरोग्य कसें मोजावें?



आरंभींच एक कोडें घालतों. २०२० सालच्या जन्ममृत्यूंचे जे आंकडे भारत सरकारनें नमुना नोंदणीच्या आधारें प्रसिद्ध केले, त्यांत बिहारमधील मृत्यूंचें प्रमाण दर हजार लोकवस्तीस ५.४ दिलें आहे आणि केरळांतील ७. म्हणजे हजार माणसांमागें केरळांत बिहारपेक्षां अधिक माणसें मरण पावलीं. जपानांत तर हें प्रमाण हजारीं अकराच्या वर गेलें आहे. आतां हे तीन आंकडे एखाद्या परक्या गृहस्थाच्या हातीं देऊन, दीर्घायुषी व्हावयाचें तर कोठें बिऱ्हाड करावें असें त्यास विचारलें, तर तो बेलाशक पाटण्याचें तिकीट काढील. परंतु त्याच वर्षीं जन्मलेल्या दर हजार मुलांमागें वर्षाच्या आंत दगावणाऱ्या मुलांचें प्रमाण बिहारमध्यें २७ होतें, केरळांत अवघें ६. आणि केरळांतील माणसाचें सरासरी आयुर्मान सबंध भारताच्या सरासरीहून सुमारें पांच वर्षांनीं अधिक आहे. जेथें माणसें जास्त जगतात तेथेंच तीं जास्त मरतात, हा काय प्रकार?

उत्तर आपल्या शेजारींच सांपडेल. एका वाड्यांत दोन बिऱ्हाडें आहेत अशी कल्पना करा. एकांत नुकतेंच संसारास लागलेलें जोडपें आणि त्यांचीं दोन लहान मुलें. दुसऱ्यांत ऐंशीं वर्षांचे आजोबा, पंचाहत्तरीच्या आजी आणि त्यांचा प्रौढ मुलगा व सून. येत्या दहा वर्षांत कोणत्या बिऱ्हाडांत मृत्यु येण्याचा संभव अधिक, हें सांगावयास ज्योतिषी नको. पण एवढ्यावरून दुसरें बिऱ्हाड रोगट आणि पहिलें निरोगी असें कोणी म्हणणार नाहीं. उलट, ज्या घरांत आजोबा ऐंशींस पोंचले त्या घराचें पथ्यपाणी बरें असलें पाहिजे असेंच आपण म्हणूं. केरळांत शंभरांतील सोळा-सतरा माणसें साठी ओलांडलेलीं आहेत. बिहारमध्यें आठसुद्धां नाहींत. केरळ म्हणजे आजी-आजोबांचें बिऱ्हाड, आणि जपान तर त्याहूनहि वडील.

तेव्हां दोन समाजांची तुलना करावयाची तर आधीं त्यांचीं वयें सारखीं करून घेतलीं पाहिजेत. हें कसें करितात तें एका काल्पनिक उदाहरणानें सांगतों; आंकडे मुद्दामच सोपे घेतले आहेत. वडगांव आणि पिंपळगांव हीं दोन गांवें घ्या, प्रत्येकाची वस्ती दहा हजार. वडगांवांत नऊ हजार तरुण आणि एक हजार वृद्ध. पिंपळगांवांत सात हजार तरुण आणि तीन हजार वृद्ध. वडगांवांत तरुणांतील मृत्यूंचें प्रमाण हजारीं पांच आणि वृद्धांतील हजारीं पन्नास आहे. म्हणजे वर्षाकांठीं तरुण ४५ आणि वृद्ध ५०, मिळून ९५ मृत्यु. पिंपळगांवांत तरुणांतील प्रमाण हजारीं तीन, वृद्धांतील हजारीं चाळीस. म्हणजे २१ आणि १२०, मिळून १४१. नुसती बेरीज पाहिली तर पिंपळगांव दीडपट वाईट. पण नीट पाहा: पिंपळगांवचा तरुणहि वडगांवच्या तरुणापेक्षां सुरक्षित आहे आणि पिंपळगांवचा म्हाताराहि वडगांवच्या म्हाताऱ्यापेक्षां सुरक्षित आहे. मग आपण तिसरें एक गांव मनांत वसवूं, आठ हजार तरुणांचें आणि दोन हजार वृद्धांचें, आणि विचारूं कीं, या गांवास वडगांवचे नियम लाविले तर किती माणसें मरतील? ४० आणि १००, म्हणजे १४०. पिंपळगांवचे लाविले तर? २४ आणि ८०, म्हणजे १०४. कोणत्या गांवची प्रकृति चांगली हें आतां कळलें. या मनांतल्या गांवास शास्त्रज्ञ प्रमाण लोकसंख्या म्हणतात. वयाचा असा हिशेब न करितां कोणी दोन प्रांतांचे मृत्यूंचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडून भाषण करूं लागला, तर त्याच्या भाषणास टाळ्या द्याव्यात. त्याच्या निष्कर्षास देऊं नयेत.

सरासरी आयुर्मान काढतांना वयाची ही अडचण आपोआप दूर होते, कारण तेथें प्रत्येक वयाचें मृत्युप्रमाण निराळें घेऊन, आज जन्मलेल्या मुलांचा एक तांडा त्या सर्व वयांतून चालवीत नेतात आणि प्रत्येकाच्या वांट्यास किती वर्षें आलीं तें पाहतात. असें कोष्टक व्यवस्थित रचून १६९३ सालीं प्रसिद्ध करणारा एडमंड हॅले हा. धूमकेतूमुळें आपणांस जो ठाऊक आहे तोच. ब्रेस्लाउ शहरांतील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून त्यानें तें केलें आणि त्याचा उपयोग वर्षासनाची किंमत ठरविण्याकडे दाखविला.

या आयुर्मानाविषयीं घरोघरीं एक गैरसमज आहे, त्याचाहि येथें समाचार घेतों. १९११ ते १९२० या दशकांत हिंदुस्थानांतील आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होतें असें म्हटलें, कीं लागलीच कोणी तरी सांगतो, "छे! माझे पणजोबा तर नव्वद वर्षें जगले." जगले असतील. आयुर्मान वीस याचा अर्थ सगळीं माणसें विसाव्या वर्षीं मरत असा नव्हे. पुष्कळ मुलें पाळण्यांतच जात, १९१८ च्या इन्फ्ल्युएंझानें लक्षावधि माणसें ऐन तारुण्यांत नेलीं, आणि जे या सर्वांतून सुटले त्यांतील कांहीं म्हातारे झाले. पणजोबांची आठवण राहते ती ते राहिले म्हणून. त्यांचीं पाळण्यांत गेलेलीं भावंडें किती होतीं, हें त्या घरांत आज कोणास माहीत असतें?

म्हणूनच अर्भकांच्या मृत्यूंचें प्रमाण हें समाजाच्या आरोग्याचें फार बोलकें लक्षण मानितात. दूध, पाणी, जागा, आईचें पोट भरलेलें आहे कीं नाहीं, सुईण कोण होती, या सर्वांचा परिणाम त्या एका वर्षांत दिसून येतो. आणि येथें वयांचा घोळहि नाहीं. सारीं मुलें एकाच वयाचीं. जिवंत जन्मलेल्या दर हजार मुलांमागें वर्षाच्या आंत किती गेलीं, इतकाच साधा भागाकार. परंतु हा साधा भागाकार किती फसवूं शकतो याचें एक उदाहरण आपल्या मुंबईनेंच जगास दिलेलें आहे. आजच्या भाषणांत मला मुख्यत्वेंकरून तेंच सांगावयाचें आहे.

१९२१ सालीं मुंबई शहरांत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें सुमारें ६६७ अर्भकांचे मृत्यु नोंदले गेले. तीन मुलांतील दोन! त्याच वर्षींचें खोल्यांप्रमाणें केलेलें कोष्टक तर याहून भयंकर आहे. एका खोलींत राहणाऱ्या कुटुंबांत हें प्रमाण हजारीं ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१, आणि चार किंवा अधिक खोल्यांत १३३. हे आंकडे पुढें पुष्कळ ग्रंथांतून व अहवालांतून फिरले. गिरणगांवांतील चाळींची स्थिति ज्यांना जगापुढें मांडावयाची होती त्यांनीं ते पुढें केले. आणि मजूर-आयांचें अज्ञान हेंच सर्व अनर्थाचें मूळ, असें ज्यांना म्हणावयाचें होतें त्यांनाहि ते उपयोगी पडले.

पण एका खोलींत जन्मलेल्या सहा मुलांतील पांच जर वर्षाच्या आंत खरोखरच जात असतीं, तर त्या चाळींतून मुलें दिसलींच नसतीं. मग चूक कोठें? भागाकारांत रेघेवर असतो तो अंश आणि रेघेखालीं असतो तो छेद. अंश म्हणजे मेलेलीं मुलें, छेद म्हणजे जन्मलेलीं मुलें. आतां गिरणीकामगाराची बायको बाळंतपणास कोठें जाई? माहेरीं. रत्नागिरीकडील असली तर आगबोटीनें बंदरावर उतरून आपल्या खेड्यांत. घाटावरची असली तर साताऱ्याकडे, पुण्याकडे. मूल तेथें जन्मे, आणि त्याची नोंद झालीच तर गांवच्या दप्तरांत होई. तीन-चार महिन्यांनीं ती बाई तान्हें मूल घेऊन परळच्या चाळींतील खोलींत परत येई. त्या कोंदट खोलींत पुढें तें मूल दगावलें कीं त्याचा मृत्यु मात्र मुंबईच्या खात्यांत पडे. अंश मुंबईचा आणि छेद कोंकणाचा! शिवाय जन्माची नोंद करावयास कोणी मुद्दाम जात नसे, पण मृत्यूची नोंद झाल्यावांचून स्मशानांत काम भागत नसे. म्हणजे अंश जवळजवळ पुरा, आणि छेद दोन्हीं बाजूंनीं कुरतडलेला. असा भागाकार फुगणार नाहीं तर काय होईल?

ही चूक तेव्हांच्याहि जाणत्या लोकांच्या लक्षांत आलेली होती. परंतु चूक कळल्यावर एक दुसराच धोका उत्पन्न होतो आणि तो मला पहिल्याहून वाईट वाटतो. "आंकडाच खोटा, तेव्हां सर्व ठीक आहे" असें म्हणून फाईल बांधून ठेवण्याची सोय होते. म्हणून थोडा उलटा हिशेब करून पाहूं. एका खोलींतील मुलांचे जन्म खऱ्याच्या निम्मेच नोंदले गेले असें क्षणभर धरून चाला. मग ८२८ चे ४१४ होतील. चार खोल्यांच्या घरांतील प्रमाण आहे तसेंच ठेवा, म्हणजे १३३. तरीहि तिपटीहून अधिक अंतर उरतेंच! खरा आंकडा काय होता तें आज कोणासहि काढतां यावयाचें नाहीं; पण छेद चुकला म्हणून अंश खोटा ठरत नाहीं. त्या वर्षीं मुंबईंत जीं मुलें गेलीं तीं खरींच गेलीं होतीं.

मग छेद नीट कसा धरावा? आपल्या देशांत आजहि जन्ममृत्यूची कायदेशीर नोंद जेथें घटना घडली तेथेंच होते, म्हणजे माहेरच्या बाळंतपणाचा घोळ कायमच आहे. त्यांत मोठ्या इस्पितळांचा नवा घोळ मिळाला. जिल्ह्याजिल्ह्यांतून अत्यवस्थ रोगी शहरांतील इस्पितळांत येतात आणि त्यांचे मृत्यु शहराच्या नांवावर पडतात. यासाठीं हिशेबनिसांनीं एक निराळी वाट काढली. सबंध देश न मोजतां कांहीं हजार खेडीं व शहरांतील विभाग नमुन्यादाखल निवडावयाचे, तेथें नेहमीं राहणाऱ्या माणसांचीच यादी करावयाची, आणि तीं कोठेंहि जन्मलीं वा मेलीं तरी घरच्याच खात्यांत मांडावयाचीं. गांवांतील एक नोंदणीकार वर्षभर नोंदी ठेवतो. दुसरा बाहेरचा तपासनीस दर सहा महिन्यांनीं येऊन, पहिल्याची वही न पाहतां, घरोघरीं स्वतंत्र चौकशी करतो. मग दोन्ही याद्या ताडून पाहतात आणि जेथें मेळ बसत नाहीं तेथें पुन्हां जातात. १९६९-७० च्या सुमारास ही नमुना नोंदणी देशभर सुरू झाली. आरंभीं सांगितलेले बिहार व केरळचे आंकडे तिचेच.

दोन याद्यांची ही युक्ति मोठी मनोरंजक आहे. १९४९ सालीं सी. चंद्रशेखरन् व डेमिंग या दोघांनीं कलकत्त्याजवळील सिंगूर येथील नोंदींवरून ती शास्त्रशुद्ध रीतीनें मांडली. पहिल्या यादींत ८० जन्म आहेत, दुसरींत ६०, आणि ४८ जन्म दोहोंतहि आहेत असें समजा. दुसऱ्यानें शोधलेल्या साठांपैकीं अठ्ठेचाळीस, म्हणजे पांचांतील चार, पहिल्यास सांपडले होते. याचा अर्थ पहिला माणूस पांचांतील चार जन्म टिपतो. तेव्हां त्याचे ८० म्हणजे एकंदराचे चार पंचमांश, आणि एकूण जन्म १००. दोन्ही याद्या एकत्र केल्या तरी निराळीं नांवें ९२ च भरतात. उरलेले आठ जन्म कोणींच लिहिलेले नाहींत, आणि तरीहि ते आहेत हें आपणांस कळलें!

मात्र याला एक अट आहे. दोघांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. जें मूल जन्मल्यावर तासाभरांतच गेलें, ज्याचें बारसें झालें नाहीं, ज्याच्याविषयीं घरचीं माणसें परक्याजवळ बोलावयासहि तयार नसतात, तें पहिल्याकडूनहि सुटतें आणि दुसऱ्याकडूनहि. तेथें गणित थांबतें, आणि त्या घरच्या बाईला विश्वासानें बोलतें करणारी दुसरी एखादी बाई लागते. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेनें गांवांतील स्त्रियांनाच शिकवून हें काम करविलें. २००१ सालीं त्यांनीं इतर संस्थांच्या साह्यानें 'कोवळी पानगळ' हा अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्रांतील जितके बालमृत्यु सरकारी कागदांत दिसतात त्याहून कितीतरी अधिक प्रत्यक्षांत घडतात, असें त्यांत दाखविलें होतें. पुढें सरकारनें डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखालीं बालमृत्यूंची तपासणी करणारी समिति नेमली.

येथवर मृत्यूंविषयीं बोललों. मृत्यु निदान निश्चित तरी असतो. आजार मोजणें त्याहून बिकट. "तुम्हीं गेल्या पंधरवड्यांत आजारी होतां काय?" असें घरोघरीं विचारलें तर काय दिसतें? अमर्त्य सेन यांनीं २००२ सालीं एका लेखांत दाखवून दिलें कीं, ज्या केरळांत आयुर्मान सर्वांत अधिक, तेथेंच आजारी असल्याचें सांगणारेहि सर्वांत अधिक. बिहारमध्यें आयुर्मान कमी आणि तक्रारीहि कमी. आणि अमेरिकेंतील लोक केरळच्याहि पुढें. ज्यास दवाखाना ठाऊक आहे, जो लिहिणारा-वाचणारा आहे, त्यास आपला आजार आजार म्हणून ओळखतां येतो. ज्या बाईनें जन्मभर पांढरेपण आणि थकवा यांखेरीज दुसरें कांहीं पाहिलें नाहीं, ती आपण ठीक आहों असेंच सांगणार.

हें केवळ तर्काचें बोलणें नव्हे. गडचिरोली भागांतील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रत्यक्ष तपासणी केली. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत शेंकडा ९२ स्त्रियांस स्त्रीरोगांपैकीं एक ना एक विकार आढळला. आणि अशा विकारासाठीं पूर्वीं कधीं डॉक्टरी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शेंकडा ८. दवाखान्याच्या वहीवरून त्या गांवांचें आरोग्य ठरविलें असतें तर तें किती उत्तम ठरलें असतें!

आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शरीर, मन आणि समाजांतील जीवन या तिन्ही बाबतींत पूर्ण स्वास्थ्य, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेनें १९४६ सालच्या आपल्या घटनेंत केली. ध्येय म्हणून ती थोर आहे. पण मोजपट्टी म्हणून ती हातीं घेतली तर आज हें भाषण ऐकणाऱ्यांपैकीं एकहि निरोगी ठरणार नाहीं, बोलणारा तर नाहींच. १९९३ सालीं जागतिक बँकेच्या अहवालांत एक व्यवहारी माप पुढें आलें: अकालीं मृत्यूनें गमावलेलीं वर्षें अधिक आजारपणानें वा अपंगत्वानें निकामी झालेलीं वर्षें, अशी बेरीज. त्यामुळें जे रोग मारीत नाहींत पण जन्मभर पिडतात, विशेषतः मनाचे विकार, ते प्रथमच हिशेबांत ठळकपणें दिसूं लागले. परंतु आंधळेपणांत काढलेलें एक वर्ष म्हणजे किती वर्ष गमावलें, हें ठरवावयाचें कोणी? आरंभीं तें तज्ज्ञांनीं ठरविलें. पुढें बांगलादेश, पेरू, टांझानिया अशा देशांतील सामान्य कुटुंबांसहि विचारण्यांत आलें. आरंभींच्या हिशेबांत तर पंचविशींतील माणसाचें वर्ष आजीच्या वर्षाहून मोलाचें धरीत असत. तो भेद नंतर काढून टाकला, आणि तें बरेंच झालें.

आतां वेळ थोडा राहिला आहे, तेवढ्यांत मृत्यूच्या कारणांविषयीं सांगतों. आपल्याकडे असंख्य माणसें घरींच मरतात आणि कोणत्या रोगानें गेलीं हें कोणी डॉक्टर लिहून देत नाहीं. यासाठीं २००१ पासून नमुना नोंदणींतील मृत्यूंच्या बाबतींत एक पद्धत सुरू झाली. शिकविलेला कार्यकर्ता त्या घरीं जातो, शेवटच्या दिवसांत काय काय झालें तें घरच्या माणसांस विचारतो आणि त्यांच्या भाषेंत लिहून घेतो. मग तो कागद दोन निरनिराळे डॉक्टर वाचून आपापलें मत देतात. या चौकशींतून पुष्कळ गोष्टी बाहेर आल्या, त्यांतील एक सर्पदंशाची. २००५ या एका वर्षांत देशांत साप चावून सुमारें ४६,००० माणसें मेलीं असा अंदाज निघाला. इस्पितळांच्या नोंदींत जितके सर्पदंशाचे मृत्यु होते त्याच्या हा आंकडा तीसपटींहून अधिक होता. मेलेल्यांपैकीं शेंकडा ९७ खेड्यांतील होते, पावसाळ्याच्या दिवसांत असे मृत्यु अधिक, आणि इस्पितळाच्या खाटेवर प्राण सोडणारे त्यांत चौथाईसुद्धां नव्हते. बाकीचे शेतांत, घरीं किंवा वाटेवर गेले होते.